अमोनियम बायकार्बोनेटची फुकट पिशवी: मूर्ती विरघळते, मग बादलीचं काय?

पांढरी, रवाळ पावडर. पिशवीची गाठ सोडली की नाकात झिणझिण्या. बेकरीवाले हिला नुसतं 'अमोनिया' म्हणतात, कारण बिस्किटं फुगवायला हीच लागते. पुण्यात मात्र गणपतीच्या दिवसांत ती महापालिकेच्या केंद्रांवर फुकट मिळते, पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची, मूर्ती घरच्या बादलीत विरघळवण्यासाठी. ही पद्धत पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, शुभांगी उंबरकर आणि मोहन डोंगरे या शास्त्रज्ञांनी बसवली. मूर्ती मुळा-मुठेत जाऊ नये म्हणून घाटावर उभे राहणारे स्वयंसेवक तिचा प्रचार करतात, आणि आता बऱ्याच सोसायट्यांमधले गट आपापल्या आवारात हा कार्यक्रम करतात. हे परीक्षण मुख्यतः अशा गटांसाठी आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. पावडर पहिल्या वर्गात पास, पाचपैकी साडेचार. तिच्याभोवतीची सेवा, जिथे फक्त पिशवी हातात मिळते आणि उरलेलं परत घ्यायची सोय नसते तिथे, पाचपैकी दोन. का ते पुढे येईल, पण आधी पावडर काय करते ते नीट बघू, कारण निम्म्या चुका ते न समजल्यामुळे होतात.

प्लास्टर ऑफ पॅरिस एकदा सेट झालं की ते जिप्सम असतं. साध्या पाण्यात जिप्सम लिटरमागे जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोची मूर्ती नुसत्या पाण्यात विरघळवायची तर हिशेबाने ८०० लिटर पाणी हवं, तेही ढवळत राहून. म्हणूनच हौदातली पीओपीची मूर्ती दुसऱ्या दिवशी रंग उडालेल्या अवस्थेत तशीच्या तशी बाहेर येते. अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घातलं की जिप्समचं रूपांतर दोन गोष्टींत होतं: तळाला बसणारा खडू आणि पाण्यात राहणारं अमोनियम सल्फेट. शिवाय कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. हिशेब असा: एक किलो प्लास्टरला सुमारे ९२० ग्रॅम पावडर लागते, त्यातून साधारण ५८० ग्रॅम खडू, ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि २५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. लक्षात ठेवायला सोपं म्हणून 'मूर्ती तेवढी पावडर' हे प्रमाण बरोबर आहे.

गडबड इथूनच सुरू होते. लोक मूर्ती इंचांत मोजतात, पावडर किलोत घेतात. एकाच उंचीच्या दोन मूर्तींच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो, कारण एक पातळ कवचाची पोकळ असते आणि दुसरीच्या पाटात, उंदरात, प्रभावळीत भरीव प्लास्टर ओतलेलं असतं. बॅगा मोजायचा हातकाटा पिशवीला अडकवून मूर्ती तोला, एवढंच करायचं आहे. मूर्ती आणल्या दिवशीच तोलली तर उत्तम. विसर्जनाच्या दिवशी कुणाला ते सुचत नाही आणि सुचलं तरी बरं वाटत नाही.

पिशवीबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ही पावडर उघडी राहिली की उडून जाते, अक्षरशः. तिचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, मागे राख उरत नाही. म्हणून महिनाभर सैल गाठीने ठेवलेली पिशवी बिघडलेली नसते, कमी झालेली असते. वर दोन किलो लिहिलेलं असेल आणि काट्यावर दीड किलो भरत असेल तर तुमच्याकडे दीडच किलो आहे. गठ्ठे झाले तरी चालतात, पाण्यात फुटतात. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात मात्र गोणी ठेवू नका; चाळिशीच्या आसपास तापमान गेलं की पावडर भराभर उडायला लागते, आणि शेडचं दार उघडणाऱ्याचे डोळे चुरचुरतात.

आता बादली. प्लास्टिकचीच घ्या. विसर्जन आहे म्हणून कुणी भक्तिभावाने तांब्याचं घंगाळ काढतं. अमोनियाच्या पाण्यात तांबं-पितळ निळंहिरवं पडतं आणि ते तांबं द्रावात उतरतं. पाणी किलोभर पावडरीला पाच ते सहा लिटर. त्याहून कमी पाण्यात सगळी पावडर विरघळत नाही, तळाला बसून राहते. फार जास्त घेतलं तर द्राव पातळ होऊन काम रेंगाळतं. पाणी नळाचं, साधं. लवकर विरघळावं म्हणून कुणी गीझरचं पाणी घालतं, तिथे पावडर हवेत जाते आणि घरभर वास सुटतो. पावडर विरघळताना पाणी हाताला चांगलंच गार लागतं. ते बरोबर चाललं असल्याचं लक्षण.

क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, मग पावडर, ती ढवळून विरघळली की मग मूर्ती. बादली दोनतृतीयांशच भरा, कारण पहिल्या काही तासांत फेस वर येतो. मूर्ती सोडण्याआधी हार, दुर्वा, जानवं, वस्त्र, मुकुटाचे खडे, टिकल्या, कागदी शेला, सगळं उतरवा. एवढी काळजी घेऊनही हमखास राहतो तो सोंडेत किंवा कानामागे अडकलेला सोनेरी गोट्याचा तुकडा.

मूर्ती पाण्यात सोडताना सरळ उभी सोडू नका, थोडी कलती करा. पोकळ मूर्तीच्या पोटात हवा अडकते. तळाचं भोक पाण्याखाली गेलं की ती हवा बाहेर पडायला वाट नसते. मग मूर्ती तरंगते, किंवा बुडाली तरी आतली बाजू कोरडी राहते. आणि आतली बाजूच तर तुमच्या कामाची असते! बाहेरून रंगाचा थर आहे, आतून प्लास्टर उघडं. कलती करून बुडबुडे निघू दिले की पाणी आत शिरतं आणि मूर्ती दोन्ही अंगांनी विरघळायला लागते. ज्या मूर्तींना तळाशी प्लास्टरने भोक बुजवलेलं असतं त्यांना उत्तरपूजेनंतर एक खिळ्याएवढं भोक पाडून घ्यावं. घरच्यांना चालत असेल तरच.

त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा काठीने ढवळणं. न ढवळल्यास तयार झालेला खडू मूर्तीवरच बसतो आणि आतल्या प्लास्टरला कवच घालतो. घरगुती मूर्तीला साधारण ४८ तास धरा. बादली गॅलरीत किंवा गच्चीवर, वर सुती फडकं. घट्ट झाकण लावू नका, वायूचा दाब तयार होतो. बंद बाथरूममध्ये ठेवू नका. वास कमी व्हावा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू टाकण्याचा सल्ला ऐकाल. त्याने वास थोडा दबेल, पण बायकार्बोनेट वाया जाऊन मूर्ती अर्धवट राहील. आणि ब्लीचिंग पावडर किंवा टॉयलेट क्लीनर या बादलीजवळ आणूसुद्धा नका. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू होतो.

दोन दिवसांनी तळाला ढेकूळ उरलं तर ते काय आहे हे ओळखायची सोपी युक्ती आहे. तुकडा साध्या पाण्याने नीट धुवा आणि त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. फसफसलं तर तो खडू, म्हणजे काम झालंय, नुसता गोळा झालाय, काठीने फोडा. फसफसलं नाही तर प्लास्टर शिल्लक आहे, पावडर कमी पडली. धुवायला विसरलात तर द्रावातलं बायकार्बोनेटच फसफसेल आणि उत्तर चुकेल. कधी कधी तिसराच प्रकार निघतो: मजबुतीसाठी प्लास्टरमध्ये घातलेला काथ्या. तो कशातच विरघळणार नाही, पिळून सुक्या कचऱ्यात. ऑइल पेंटची पापडीही अशीच वेगळी निघते. तिला नुसती गाळून घ्यायची.

इथपर्यंत पावडरला नावं ठेवायला जागा नाही. वास हा एकच अवगुण, म्हणून अर्धा गुण कापला. मूर्ती विरघळते म्हणजे खरंच विरघळते.

पण आता बादलीत काय आहे? दोन किलोच्या मूर्तीमागे सव्वा किलोच्या आसपास खडू आणि १२ लिटर पाण्यात दीड किलो अमोनियम सल्फेट. शेतकऱ्याला हे खत नवं नाही, यात २१ टक्के नत्र असतं. 'उरलेलं पाणी झाडांना घाला' ही पिशवीबरोबरची सूचना रसायनशास्त्राच्या दृष्टीने चूक नाही. चूक आहे ती प्रमाणात. या द्रावात लिटरमागे सव्वाशे ग्रॅम खत आहे, कुंडीतल्या झाडाला लिटरमागे एखाद-दीड ग्रॅम पुरतं. म्हणजे १०० मिलिलिटर द्राव दहा लिटरच्या बादलीत. एका मूर्तीच्या १२ लिटर द्रावाला अशा १२० बादल्या लागतील. एक तांब्या द्राव सरळ जास्वंदीला घातला की आठवड्यात पानांच्या कडा करपतात, आणि मग 'ते विसर्जनाचं पाणी वाईट' अशी सोसायटीभर बातमी होते. बिचाऱ्या पावडरचा दोष काही नाही.

सोसायटीच्या पातळीवर हेच गणित बघा. वीस घरं, दोन-दोन किलोच्या मूर्ती. ४० किलो पावडर, म्हणजे २५ किलोच्या दोन गोण्यांतून थोडी उरेल. पाणी २२० लिटर, २०० लिटरचे तीन निळे ड्रम, प्रत्येकात सहा-सात मूर्ती. ड्रम बेसमेंट पार्किंगमध्ये ठेवण्याचा मोह होतो, कारण तिथे पावसाची भीती नाही. ठेवू नका. दोन दिवसांत दहा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे साडेपाच हजार लिटरहून जास्त वायू, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात साठतो. उघड्यावर, वर ताडपत्रीचं छत, बाजू मोकळ्या. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशी दोरी. ढवळणाऱ्याला रबरी हातमोजे आणि चष्मा.

ड्रम नितळ झाले की त्यात ३० किलो अमोनियम सल्फेट असतं. हिरवळीला चौरस मीटरमागे १५ ग्रॅमचा हात धरला तर एवढं खत रिचवायला २००० चौरस मीटर लागतात, वीस गुंठे. पुण्यात वीस गुंठ्यांची बाग कोणत्या सोसायटीला असते? मग तीन दिवस वाट बघून वॉचमन एका रात्री ड्रम कलते करतो, आणि द्राव पावसाळी गटारात जातो. पावसाळी गटार ओढ्याला, ओढा नदीला.

ज्या नदीसाठी सगळा खटाटोप केला तिच्यात मग साडेसहा किलो नत्र जातं, अमोनियाच्या रूपात. पाण्यातले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना एक ग्रॅम नत्रामागे साडेचार ग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू खातात. म्हणजे ३० किलो प्राणवायू. चांगल्या, स्वच्छ पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो असं धरलं तर ३७ लाख लिटर पाण्यातला सगळा. वीस घरांचा हिशेब आहे हा. उरलेलं नत्र जलपर्णी खाते आणि ती पसरते. पीओपी नदीत पडून राहतं हे वाईटच, पण द्राव गटारात सोडणाऱ्या सोसायटीने नदीवर उपकार केले असं म्हणता येणार नाही. मैलापाणी वाहिनीत सोडला तर तो निदान शुद्धीकरण केंद्रात पोचायची शक्यता असते; पण जुन्या भागांत कोणती वाहिनी कुठे जाते हे प्लंबरलाही विचारून घ्यावं लागतं.

म्हणून सेवेचे तीन गुण कापले. चांगल्या सेवेत पिशवी देतानाच द्राव परत घ्यायची तारीख सांगितली जाईल, कॅन दिले जातील, आणि तो द्राव महापालिकेच्या उद्यानांना, रस्त्याकडेच्या झाडांना, नर्सऱ्यांना पातळ करून जाईल. जिथे हे होत नाही तिथे गटाने पावडर मागवायच्या आधी द्रावाचं गिऱ्हाईक शोधावं. शहराबाहेरचा ऊसवाला किंवा लॉन पिकवणारा नर्सरीवाला सगळ्यात सोयीचा. त्याला ३० किलो खत म्हणजे एक हप्ताही नाही. भाजीपाल्याला आणि तुळशीला हा द्राव नको, कारण मूर्तीच्या रंगांतलं तांबं-जस्त अमोनियाच्या पाण्यात उतरू शकतं. द्राव काढताना ड्रम रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं नितळ पाणी रबरी नळीने ओढून घ्या, नळीचं तोंड गाळापासून वीतभर वर. नळी तोंडाने ओढायची सवय इथे विसरा. खाली उरलेला खडू जुन्या धोतराच्या कापडावर गाळून, उन्हात वाळवून पोत्यात भरा. त्यात रंग असतो, म्हणून रांगोळीला किंवा मातीत नको. पेव्हर ब्लॉक करणारा भराव म्हणून घेतो, नाहीतर राडारोड्याबरोबर जमा करा.

घाटावरच्या स्वयंसेवकांबद्दलही दोन शब्द, कारण बहुतेक घरांचा या सेवेशी तिथेच संबंध येतो. निर्माल्य गोळा करण्याचं काम पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या महिला आणि स्वयंसेवक मिळून करतात, आणि तो भाग उत्तम चालतो. एक टेबल निर्माल्याला, एक आरतीला, निर्माल्य कलशाच्या कडेला एकजण फक्त प्लास्टिक आणि दोरे काढायला. झेंडूच्या हाराचा नायलॉनचा दोरा हा खरा शत्रू: कंपोस्टच्या यंत्रात पात्याभोवती गुंडाळला की यंत्र बंद. हार घेतानाच कात्रीने गाठ कापून दोरा ओढून घेतला तर फुलं सुटी होतात. मूर्तीच्या बाबतीत काम अवघड आहे. 'काका, मूर्ती इकडे दान द्या' असं एकदम म्हटलं की माणसं बिथरतात. 'या, आरती इथे करा, हौदात तीनदा तुम्हीच बुडवा, मग आमच्याकडे द्या' असं म्हणणाऱ्या टेबलासमोर रांग लागते. आणि घेतलेली मूर्ती लोकांसमोर ढिगावर टाकू नये. पाटावर ओळीने, तोंड एकाच दिशेला ठेवावी. एवढ्याने दुसऱ्या घरचे आपणहून पुढे येतात.

कायद्याचं थोडक्यात: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मे महिन्यात सुधारित सूचनांमध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयात मूर्ती घडवण्यावरची बंदी सैल झाली, पण घरगुती आकाराच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावांतच करायचं असं ठरलं. म्हणजे पीओपी घरात येत राहणार आणि पावडर लागत राहणार.

ज्यांना हा सगळा व्याप टाळायचा आहे त्यांच्यासाठी शाडू आहेच. शाडूची मूर्ती साध्या पाण्यात काही तासांत ढासळते, ना वास ना द्राव. ती माती गुजरातमधून येते, काही फुकट उगवत नाही, म्हणून ती गोळा करून मूर्तिकारांना परत देणारं 'पुनरावर्तन' अभियान मोलाचं. सोसायटीत हे सगळ्यात सोपं: बादलीत मूर्ती, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी झाडाला, गाळ फडक्यावर पसरून वाळवायचा, कणीक मळण्याइतका घट्ट झाला की पिशवीत. गाळात पीओपीचा एक तुकडा गेला तरी मूर्तिकाराच्या हाताला तो लागतो आणि अख्खी पिशवी बाद होते, म्हणून दोन्हींचे ड्रम वेगळे आणि लांब ठेवा.

दुकानदार 'शाडूच आहे' म्हणतो तेव्हा मूर्ती उलटी करून तळाच्या रंग न लावलेल्या भागावर पाण्याचं बोट घासा. शाडू असेल तर बोटाला चिकट, राखाडी माती लागते आणि तिथे खळगा पडतो. पीओपी पाणी शोषून घेतं, पण बोट पांढरट भुकटीपलीकडे काही आणत नाही. हाताला पीओपी हलकं लागतं, टिचकी मारली तर आवाज टणक येतो. दुकानदार घासू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

पावडर मागवायचीच असेल तर अनंत चतुर्दशीच्या आदल्या आठवड्यात घ्या, पिशवी तोलून घ्या, आणि ड्रमवर मार्करने तीन गोष्टी लिहा: किती किलो मूर्ती, पावडर कधी घातली, द्राव न्यायला कोण कधी येणार. तिसरी ओळ कोरी असेल तर त्या ड्रममध्ये पाणी भरू नका.